नेटवर खोलात शिरायचं कसं: चित्रं, जुने पेपर, आवाज, कोड आणि मेलेल्या लिंका

निळी मोठी लाट, फेसाला नखं फुटल्यासारखी, खाली तीन होड्या आणि मागे पार चिमुकला दिसणारा फुजी पर्वत. होकुसाई या जपानी चित्रकाराचं हे चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेलं असणारच, मोबाइलच्या कव्हरवर, टीशर्टवर, कुणाच्या तरी डीपीला. आता ते सर्च करून बघा. ढिगाने फोटो येतील आणि प्रत्येकातला निळा वेगळा, कुठे आकाश पिवळट, कुठे राखाडी, कुठे कडा कापलेल्या, कुठे वरून कुणीतरी आपल्या साइटचं नाव ठोकलेलं. मग यातलं खरं कुठलं?

सर्च इंजिन हे सांगत नाही, त्याचं ते कामच नाही. ते पानं शोधून देतं, आणि त्याच्या हिशोबाने जे पान जास्त कामाचं ते वर आणतं. म्हणून माझी पहिली सवय ही, की एखाद्या गोष्टीत रस वाटला की "याबद्दल कुणी काय लिहिलंय" हे नंतर बघायचं, आधी विचारायचं "ही वस्तू ठेवलीय कुणाकडे?" चित्र असेल तर म्युझियम, जुना पेपर असेल तर लायब्ररी, प्रोग्रॅम असेल तर त्याचा कोड जिथे जपलाय ती जागा. एकदा ही सवय लागली ना, की नेट वेगळंच दिसायला लागतं.

तर लाटेकडे परत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या, म्हणजे मेटच्या, साइटवर जा, कलेक्शनच्या सर्चमध्ये होकुसाई टाका, लाटेचं पान उघडा. तिथे नंबर दिसेल, जेपी १८४७. हा त्या कागदाचा नंबर, त्या एका कागदाचा, चित्राचा नाही, आणि हा फरक फार महत्त्वाचा आहे. कारण हे लाकडी ठशांवरून छापलेलं चित्र, १८३१ च्या आसपासचं, त्याच्या हजारो प्रती निघाल्या, त्यामुळे "ओरिजिनल" असा एकच कागद मुळात नाहीच. ब्रिटिश म्युझियमकडेही आहे, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटकडेही आहे, दोघांकडे एकाहून जास्त प्रती आहेत. आता दोन म्युझियमची पानं दोन टॅबमध्ये उघडा आणि डावीकडे वर जी नावाची उभी चौकट आहे ना, तिच्यावर पूर्ण झूम करा. एका प्रतीत चौकटीची रेष सलग दिसेल, दुसरीत तुटलेली. छापून छापून लाकडी ठसा झिजतो, बारीक रेषा तुटतात, म्हणजे तुटकी रेष असलेली प्रत नंतर छापलेली. आणि आकाश? काही प्रतींत ढगाला फिकट गुलाबी छटा दिसते, बहुतेकांत ती उडून गेलीय कारण तो रंग उजेडात टिकत नाही. तर निळा वेगळा, आकाश वेगळं याचं उत्तर थोडं कॅमेऱ्यात आहे, थोडं कागदात. हे सगळं घरबसल्या, एक पैसा न देता. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी अर्धा तास नुसती झूम करत बसले होते.

आणि हे एकट्या मेटचं नाही. मेटने फेब्रुवारी २०१७ मध्ये ३ लाख ७५ हजार फोटो पूर्ण मोकळे केले, म्हणजे डाउनलोड करा, छापा, बदला, विका, परवानगी नको. अ‍ॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम त्याच्याही आधीपासून, २०१२ पासून, मोठ्या साइजच्या इमेज देतंय. स्मिथसोनियनने २०२० मध्ये एका दमात २८ लाख इमेज खुल्या केल्या, त्यात चित्रंच नाहीत तर विमानं, किडे, हाडं, थ्रीडी स्कॅन सगळं. युरोपातल्या हजारो संस्थांचं एकत्र शोधायचं असेल तर युरोपियाना, अमेरिकेतल्या लायब्रऱ्यांचं हवं असेल तर डिजिटल पब्लिक लायब्ररी ऑफ अमेरिका. गूगल आर्ट्स अँड कल्चर फिरायला मस्त आहे, त्याचं झूम तर जबरदस्तच, पण मी ते दारासारखं वापरते, तिथे वस्तू सापडली की मूळ म्युझियमच्या पानावर जाते कारण नोंद, लायसन्स आणि डाउनलोडचं बटण खरं तिथे असतं.

आधी शब्द गोळा करा

आता ज्या विषयातलं काहीच माहीत नाही तिथे सुरुवात कुठून? विकिपीडिया. हो, विकिपीडियाच, फक्त तो उत्तरासाठी वाचायचा नाही, शब्दांसाठी वाचायचा. लेख वाचताना वहीत नावं काढा: माणसं, संस्था, वर्षं, त्या क्षेत्रातले खास शब्द. लाटेच्या लेखातून तुम्हाला उकियो-ए, म्हणजे लाट ज्या जपानी चित्रशैलीतली आहे तिचं नाव, हा शब्द मिळतो, आणि हा एक शब्द कुठल्याही म्युझियमच्या सर्चमध्ये टाकला की "जपानी जुनी चित्रं" लिहून जे मिळत नव्हतं ते धडाधड यायला लागतं. मग खाली संदर्भांकडे जा. लेखातलं जे वाक्य आवडलं त्याच्या शेजारच्या छोट्या आकड्यावर क्लिक करा, मूळ कागद उघडतो का बघा, आणि त्यात ते खरंच तसं लिहिलंय का तेही बघा. कित्येकदा नसतं हो! वादाचा विषय असेल तर चर्चा पान उघडा, तिथे संपादक लोक कशावरून भांडलेत ते कळतं आणि ते भांडणच बऱ्याचदा विषयाची खरी गाठ असते. इतिहास टॅबवर कुठलं वाक्य कधी घुसलं तेही सापडतं.

एक गोष्ट फार कमी लोक वापरतात. विकिपीडियाच्या जवळजवळ प्रत्येक लेखाच्या टूल्समध्ये विकिडेटाची, म्हणजे विकिपीडियाच्याच माहितीच्या कोठाराची, लिंक असते. ती उघडा आणि अगदी खाली जा. तिथे त्या माणसाचे किंवा वस्तूचे जगभरातल्या लायब्रऱ्या-म्युझियममधले नंबर एका रांगेत असतात, क्लिक केलं की थेट त्या संस्थेच्या नोंदीवर. शिवाय तिथे नाव सगळ्या लिपींत मिळतं. होकुसाईचं जपानी लिपीतलं नाव तिथून कॉपी करून सर्चमध्ये टाका आणि बघा काय फरक पडतो, जपानी लायब्रऱ्यांची जी पानं इंग्रजी स्पेलिंगने कधीच वर येत नाहीत ती यायला लागतात, मग ब्राउझरचं भाषांतर चालू करून वाचा. भाषांतर ओबडधोबड असतं पण कुठल्या पानावर थांबायचं एवढं तरी कळतं.

सर्चचे दोन-चार नियम हाताशी ठेवा. अवतरण चिन्हात टाकलेले शब्द जसेच्या तसे शोधले जातात. इंग्रजीत साइट लिहून कोलन आणि पुढे पत्ता टाकला की फक्त त्या एका साइटच्या आत शोध. फाइलटाइप कोलन पीडीएफ टाकलं की रिपोर्ट, जुने कॅटलॉग, थीसिस असलं जड सामान वर येतं. नको असलेल्या शब्दाआधी वजा चिन्ह. एवढं पुरतं.

आणि चॅटबॉट? मी वापरते, पण नेमक्या एकाच कामाला, "या विषयातले लोक कुठले शब्द वापरतात" हे विचारायला. त्याने दिलेलं पुस्तक, पेपर, तारीख यातलं काहीही स्वतः मूळ जागी पाहिल्याशिवाय मी पुढे नेत नाही, कारण तो अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकाचं नाव, लेखक, पान नंबर सगळं इतक्या ठामपणे देतो की शंका यायलाही जागा राहात नाही.

जुने पेपर आणि त्या काळचे शब्द

हा माझा सगळ्यात आवडता भाग, त्यामुळे जरा लांबेल.

जुनी वर्तमानपत्रं नेटवर अफाट आहेत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं क्रॉनिकलिंग अमेरिका, ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल लायब्ररीचं ट्रोव्ह, दोन्ही फुकट, दोन्हींत पानाच्या आतला मजकूर शोधता येतो. पण लोक तिथे जातात, आजचा शब्द टाकतात, काही येत नाही, आणि "इथे काही नाही" म्हणून निघून येतात. चूक इथे होते. पेपर ज्या वर्षीचा त्या वर्षीचा शब्द टाकायला लागतो. १९१५ च्या पेपरात "पहिलं महायुद्ध" शोधलं तर काय मिळणार, दुसरं व्हायचंच होतं, तेव्हा लोक त्याला ग्रेट वॉर म्हणायचे. रेडिओच्या सुरुवातीच्या बातम्या हव्यात तर वायरलेस शोधा. सिनेमाच्या हव्यात तर मूव्हिंग पिक्चर्स. कॉम्प्युटर शोधलंत तर आकडेमोड करणारी हाडामांसाची माणसं सापडतील, कारण तो तेव्हा नोकरीचा हुद्दा होता, आणि मला तर वाटतं टेक्नॉलॉजीचा इतिहास समजून घ्यायला ही एक गोष्ट बघणं फार मोलाचं आहे, एखादा शब्द माणसावरून मशीनवर कधी सरकला ते पेपरांच्या जाहिरातींत वर्षावार दिसतं.

दुसरी अडचण मशीनच्या वाचण्याची. हा मजकूर कुणी टाइप केलेला नाही, स्कॅनवरून सॉफ्टवेअरने ओळखलेला आहे, आणि शाई पसरलेली असली, कागद दुमडलेला असला की ते काहीच्या बाही वाचतं. अठराव्या शतकातल्या इंग्रजी छपाईत तर शब्दाच्या मधला एस हा एफसारखा दिसायचा, म्हणून सॉफ्टवेअर कित्येक शब्दांत एस असेल तिथे एफ वाचून मोकळं होतं. नाव सापडत नसेल तर मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने शोधा, आडनाव सोडून गावाचं किंवा धंद्याचं नाव टाका, तारखेची चौकट लहान करून पानं सरळ डोळ्याने चाळा. ट्रोव्हवर एक फार सुंदर सोय आहे, डावीकडे मशीनने वाचलेला मजकूर, शेजारी स्कॅन, आणि चुकलेली ओळ तुम्ही स्वतः दुरुस्त करू शकता. मी एकदा एका जहाजाच्या बातमीत खलाशाचं नाव दुरुस्त केलं होतं, पाच अक्षरांतली तीन चुकलेली होती. म्हणजे तोवर त्या नावाने शोधणाऱ्या कुणालाही ती बातमी मिळालीच नसती. दुरुस्ती सेव्ह केली, आणि त्या माणसाचा कुणी पणतू-खापरपणतू कधी शोधत आला तर, असा विचार मनात येऊन गेला.

पुस्तकं, आवाज, फिल्म

पुस्तकांचं थोडक्यात सांगते कारण हे बऱ्याच जणांना माहीत असतं. प्रोजेक्ट गुटेनबर्ग सगळ्यात जुनं, मायकल हार्ट यांनी १९७१ मध्ये अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा टाइप करून सुरू केलेलं, आज ७० हजारांहून जास्त पुस्तकं, हलकी आणि स्वच्छ. तीच पुस्तकं कानाने ऐकायची तर लिब्रिव्हॉक्स, २००५ पासून जगभरचे लोक हौसेने वाचून रेकॉर्ड करतात, वाचणारा चांगला मिळणं नशिबाचा भाग पण मिळाला तर सोनं. पानं जशी छापली तशी बघायची, जाहिराती-समासांसकट, तर इंटरनेट आर्काइव्ह किंवा हाथीट्रस्ट. हाथीट्रस्टमध्ये कॉपीराइटमुळे जे पुस्तक वाचता येत नाही त्यातही शब्द शोधता येतो, कुठल्या पानावर किती वेळा आला एवढं सांगतं, आणि कित्येकदा लायब्ररीतून नेमकं कुठलं पुस्तक मागवायचं हे ठरवायला तेवढं पुरतं.

फिल्मसाठी ब्रिटिश पाथेचा साठा बघाच, त्यांनी २०१४ मध्ये आपल्या जुन्या न्यूजरीलच्या ८५ हजार फिल्म यूट्यूबवर टाकल्या. आणि इंटरनेट आर्काइव्हवरचा प्रेलिंगर संग्रह, त्यात कंपन्यांनी, शाळांनी, सरकारी खात्यांनी बनवलेल्या फिल्म आहेत, टेलिफोन कसा उचलायचा, कारखान्यात हात कसे सांभाळायचे असल्या. कुणी जपून ठेवाव्यात अशा त्या कधी नव्हत्याच, म्हणूनच त्यांत तेव्हाचं रोजचं जगणं सापडतं: टेबलं, कपडे, बोलायची पद्धत, बायकांना कुठे उभं केलंय, कोण बोलतंय आणि कोण नुसतं मान डोलावतंय. न्यूजरील बघताना मात्र एक ध्यानात ठेवा, वरचा आवाज नंतर स्टुडिओत चढवलेला असायचा, चित्र एक सांगतं आणि निवेदक दुसरं. एकदा आवाज बंद करून बघा, मग चालू करून.

आवाजांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचं नॅशनल ज्यूकबॉक्स, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या तबकड्या. स्वतःच्या प्रोजेक्टला पाऊस, दार, गर्दी असले आवाज हवे तर फ्रीसाउंड, बार्सिलोनाच्या एका विद्यापीठातून २००५ पासून चालतं. आणि रेडिओ गार्डन, पृथ्वीचा गोल फिरवायचा, हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवायचं, तिथला रेडिओ आत्ता लागतो. अभ्यास म्हणून नाही, रात्री कामं आटपल्यावर लावून बसा.

टेक्नॉलॉजीचं मूळ बघायचं असेल तर

टेक्नॉलॉजीबद्दल नेटवर जे मिळतं त्यात नवीन फोनचे रिव्ह्यू सगळ्यात जास्त. ते सोडा. ज्या कागदांवर इंटरनेट उभं आहे ते कागद मोकळे पडलेत, आरएफसी म्हणतात त्यांना, "मतं कळवा" अशा अर्थाचं नाव. पहिला ७ एप्रिल १९६९ चा, स्टीव्ह क्रॉकर नावाच्या विद्यार्थ्याने लिहिलेला, आणि त्यांनी स्वतःच पुढे सांगितलंय की ज्या मित्रांकडे उतरले होते त्यांची झोप मोडू नये म्हणून रात्री बाथरूममध्ये बसून लिहिला. आरएफसी एडिटरच्या साइटवर तो आजही वाचता येतो, थोडीच पानं आहेत, आणि न सुटलेले प्रश्नही त्यात तसेच मांडलेत. समजलं नाही तरी वाचा, लोक अंदाज घेत घेत कसे पुढे जातात ते दिसतं.

वेबची पहिली साइट सर्नने, म्हणजे जिथे वेब जन्मली त्या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेने, परत उभी करून ठेवलीय, इन्फो डॉट सर्न डॉट सीएच. तिथूनच जुन्या लाइन मोड ब्राउझरच्या सिम्युलेटरवर जाता येतं, काळा स्क्रीन, हिरवी अक्षरं, माउस नाही, लिंकचा नंबर टाइप करून पुढच्या पानावर जायचं. पाच मिनिटं वापरा, आज आपण जे सहज करतो ते सहज नव्हतं हे बोटांना कळतं. आणि ३० एप्रिल १९९३ ला सर्नने वेबचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी मोकळं केलं त्या निवेदनाचा स्कॅनही त्यांनी ठेवलाय, सह्यांसकट.

कोड वाचायची आवड असेल तर कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम. फोटोशॉपच्या पहिल्या आवृत्तीचा कोड त्यांनी २०१३ मध्ये वाचायला खुला केला, सुमारे १ लाख २८ हजार ओळी, बहुतांश पास्कल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत. पण माझं सगळ्यात लाडकं म्हणजे अपोलो ११ च्या कॉम्प्युटरचा कोड. हा कोड कागदावर छापलेला होता, त्याची पानं स्कॅन केली, हौशी लोकांनी ती उतरवून काढली, आणि २०१६ मध्ये तो गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर आला तेव्हा जगभर पसरला. चंद्रावर उतरण्याच्या गणितांची जी फाइल आहे ती उघडा आणि ओळींच्या उजवीकडच्या टिपा वाचत खाली या. एका जागी लिहिलंय: टेम्पररी, आय होप होप होप. तात्पुरतं आहे, निदान अशी आशा. म्हणजे कुणीतरी घाईत जुळवून ठेवलं, नंतर नीट करू म्हणाले, आणि तेच चंद्रावर गेलं! प्रोग्रॅमिंग करणाऱ्या कुणालाही हे दाखवा, चेहरा बघा त्यांचा. हे असलं काही कुठल्याही डॉक्युमेंटरीत कळत नाही, फाइलच उघडावी लागते.

एक आणखी, जुनी कॉम्प्युटर मासिकं. बाइट मासिक १९७५ ते १९९८ चाललं, त्याचे अंक इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन केलेले आहेत. लेख वाचा पण जाहिराती आधी वाचा. लेखात लोक भविष्याबद्दल बोलतात, जाहिरातीत मात्र त्या महिन्यात काय विकत होतं, कितीला विकत होतं, आणि गिऱ्हाइकाला कशाची भीती वाटत होती हे सगळं येतं. आणि त्याच आर्काइव्हवर जुने डॉसचे, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळातले, प्रोग्रॅम ब्राउझरच्या आतच चालतात, इन्स्टॉल काही नाही, त्यामुळे सकाळी ज्याची जाहिरात वाचली ते संध्याकाळी चालवून बघता येतं.

रिसर्च पेपर लागले तर: फिजिक्स, गणित, कॉम्प्युटर असेल तर आर्काइव्ह, हे ते इंटरनेट आर्काइव्ह नाही, पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये सुरू केलेलं पेपरांचं कोठार. बाकी विषयांत पैसे मागणारं पान आलं की लगेच मागे फिरू नका. गूगल स्कॉलरमध्ये त्या पेपरखाली "सर्व आवृत्त्या" असं असतं, त्यात बऱ्याचदा विद्यापीठाच्या साइटवरची मोफत प्रत निघते. ब्राउझरमध्ये अनपेवॉल नावाचं एक्स्टेन्शन टाका, कायदेशीर मोफत प्रत असेल तर आपोआप दाखवतं. तेही नाही झालं तर लेखकाला दोन ओळींची साधी मेल करा. बहुतेक लेखक खुशीने पाठवतात, त्यांना त्या पैशातलं काही मिळत नसतंच.

लिंक मेली तर

आणि लिंका मरतात, फार मरतात. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये पाहणी छापली, २०१३ मध्ये असलेल्या वेब पानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. मला याचा चटका आधीच बसलाय. फोटो ठेवायची एक सर्व्हिस मी वापरायचे, पाच-सहा वर्षं जमवलेले जुन्या पोस्टरांचे फोटो टिपांसकट तिथे होते, त्यांनी महिन्याभराची मुदत देऊन दुकान बंद केलं आणि ती मेल मी पाहिली मुदत संपल्यावर. फोटो बरेचसे परत मिळाले, टिपा गेल्या. कुठल्या पोस्टरवर काय लिहिलं होतं ते आठवायला अजून बसते कधीकधी.

तर वेबॅक मशीन नीट वापरायला शिका. इंटरनेट आर्काइव्ह १९९६ पासून पानं साठवतंय, २००१ पासून सगळ्यांना बघता येतात. मेलेला पत्ता टाकला की कॅलेंडर येतं, ज्या तारखेवर गोल आहे त्या दिवसाची प्रत आहे. पत्ता पूर्ण आठवत नसेल तर साइटच्या नावापुढे तिरकी रेघ आणि चांदणी टाका, त्या साइटची साठवलेली सगळी पानं यादीत येतात, त्यात शोधा. प्रत उघडल्यावर वरच्या पत्त्यात चौदा आकडे दिसतात, वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद, तेही जागतिक वेळेत. याच आकड्यांमुळे एक घोटाळा कळतो: पान एका तारखेचं आणि त्यातला फोटो दुसऱ्याच तारखेचा असू शकतो, कारण प्रत्येक फाइल वेगळी साठवली जाते आणि मशीन जवळात जवळची जोडून पान उभं करतं. "त्या दिवशी साइटवर हाच फोटो होता" असं ठामपणे म्हणायचं असेल तर फोटोचा पत्ता वेगळा उघडून त्याचे चौदा आकडे तपासा. हे न करता लोक स्क्रीनशॉट फिरवतात आणि वाद घालत बसतात.

आणि फक्त शोधू नका, साठवाही. सेव्ह पेज नाऊ म्हणून जागा आहे, पत्ता टाकला की पान साठवलं जातं. महत्त्वाचं काही वाचलं की मी तिथल्या तिथे टाकते, तीस सेकंद जातात. लॉगिनच्या आतली पानं मात्र साठत नाहीत.

फोटोचा माग काढायचा तर गूगल लेन्स आणि टिनआय, दोन्ही. टिनआयमध्ये सगळ्यात जुना आधी असं लावता येतं, पण ती तारीख टिनआयला तो फोटो पहिल्यांदा दिसला त्याची, फोटो काढल्याची नव्हे. सगळ्यात मोठ्या साइजची प्रतही बघा, लहान प्रतीत कापलेली कड तिथे शाबूत असते आणि सही, शिक्का, कॅप्शन बहुतेक कडेलाच असतं.

वापरायचं असेल तर

नुसतं बघायचं तर प्रश्न नाही, पण पोस्टर, व्हिडिओ, पुस्तकात वापरायचं तर लायसन्स वाचा. पब्लिक डोमेन किंवा सीसी झीरो (सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, तयार लायसन्सांचा एक संच) म्हणजे खुशाल वापरा. सीसी बाय म्हणजे नाव द्या. एसए जोडलं असेल तर तुमचं कामही त्याच अटीवर खुलं ठेवा, एनसी म्हणजे धंद्यासाठी नाही, एनडी म्हणजे बदल करून पुढे द्यायचं नाही. नाव देताना चार गोष्टी द्या, शीर्षक, कुणाचं, कुठून घेतलं, कुठलं लायसन्स. आणि कॉपीराइटची मुदत देशादेशात वेगळी असते, म्हणून एका देशातलं म्युझियम मोकळं म्हणतंय म्हणजे सगळीकडे मोकळं असं धरून चालू नका. सर्चमध्ये दिसलं म्हणजे फुकट, हे तर अजिबात नाही.

सापडलेलं जपायचं कसं

बुकमार्कवर भरवसा ठेवू नका. झोटेरो टाका, २००६ पासूनचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ब्राउझरमधल्या बटणावर एक क्लिक आणि शीर्षक, लेखक, तारीख, पानाची प्रत सगळं आत. ज्या संस्था आवडल्या त्यांचं नवीन काय आलं हे कळायला आरएसएस वापरा, म्हणजे साइटवर नवीन आलेलं आपोआप एका यादीत येतं, ती वाचायला फीडली किंवा इनोरीडर, यूट्यूब चॅनलही त्यात जोडता येतो, मग कुठला अल्गोरिदम काय दाखवतोय याची पर्वा नाही. फक्त यादीची ओपीएमएल फाइल अधूनमधून उतरवून ठेवा. २०१३ मध्ये गूगल रीडर हे असंच आरएसएस वाचायचं साधन बंद झालं तेव्हा ज्यांच्याकडे ती फाइल होती ते दुसऱ्या दिवशी दुसरीकडे वाचत होते.

आणि एक साधी टेक्स्ट फाइल. प्रत्येक सापडलेल्या गोष्टीची एक ओळ: काय, कुणाकडे, कुठला नंबर, लायसन्स, कधी पाहिलं, आणि शेवटी पुढचा प्रश्न. माझ्या फाइलमधली एक ओळ देते, तशीच: होकुसाई, लाट, मेट, जेपी १८४७, पब्लिक डोमेन, वेबॅकवर टाकलं, आता शिकागोच्या प्रतीची चौकट हिच्याशी ताडून बघायची, डावीकडची रेष आधी.